कवी, नगर आणि न्याय : प्लेटोविषयीच्या एका रूढ समजुतीचा प्रतिवाद

पाश्चात्त्य साहित्यशास्त्राचा परिचय करून देणाऱ्या मराठी पुस्तकांत एक कथा वर्षानुवर्षे जवळजवळ एकाच साच्यात सांगितली जाते. काव्य सत्यापासून दूर असते आणि भावनांना चिथावते, म्हणून प्लेटोने आपल्या आदर्श राज्यातून कवींना हद्दपार केले. पुढे त्याच्याच शिष्याने, अ‍ॅरिस्टॉटलने, अनुकृती हे ज्ञानाचे साधन आहे आणि शोकात्मिकेमुळे भीती व करुणा यांचे विरेचन होते असे दाखवून कवींना सन्मानाने परत आणले, असा तिचा सारांश आहे. विंदा करंदीकरांच्या अनुवादामुळे अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठी वाचकाला स्वतः पडताळून पाहता येऊ लागले, तरी ही कथा फारशी बदलली नाही. तिच्यामागे तीन गृहीतके आहेत : प्लेटोचे भांडण काव्याशी होते, ते एका हुकूमशाही वृत्तीच्या विचारवंताने स्वतंत्र नगराविरुद्ध मांडलेले भांडण होते, आणि विरेचनाच्या कल्पनेने त्याचा निकाल लागला. ही तिन्ही गृहीतके टिकणारी नाहीत. हा वाद मुळात न्यायाविषयीचा आहे. न्याय म्हणजे काय हे नागरिकाच्या मनात कोणी ठरवायचे आणि ते ठरवणाऱ्याला जाब कोणी विचारायचा, हा त्यातला खरा प्रश्न आहे. त्या प्रश्नावर प्लेटोचा आरोप बराचसा खरा आणि त्याने सुचवलेला उपाय पूर्णपणे चुकीचा आहे.

प्रथम काव्यद्वेषाच्या आरोपाचा विचार करू. 'रिपब्लिक' या दहा भागांच्या संवादात कवींवरील निर्बंध दुसऱ्या व तिसऱ्या भागांत आणि हद्दपारीचे सविस्तर समर्थन दहाव्या भागात येते, म्हणून वाचक तेवढेच उतारे वेगळे काढून त्यांना प्लेटोचे काव्यशास्त्र मानतो. परंतु कवी या ग्रंथात त्याआधीच, पहिल्या भागात, न्यायाची व्याख्या करणाऱ्याच्या भूमिकेत अवतरतो. पायरियस बंदरातील ज्या घरात हा संवाद घडतो त्या घरातला पोलेमार्कस, न्याय म्हणजे काय या प्रश्नाला उत्तर देताना स्वतःचे मत मांडत नाही. तो सायमोनायडीस या कवीचा हवाला देतो, आणि ज्याचे त्याला द्यावे या कवीच्या सूत्राचा अर्थ मित्रांचे भले व शत्रूंचे वाईट करणे असा लावतो. सॉक्रेटिस हा अर्थ खोडून काढतो, कारण कोणाचेही वाईट करणे, म्हणजे त्याला माणूस म्हणून अधिक हीन बनवणे, हे न्यायी माणसाचे काम असू शकत नाही. आणि शेवटी तो म्हणतो की असे सूत्र ज्ञानी कवीचे नसावे, ते पेरियांडर किंवा झर्क्सीझसारख्या, स्वतःला सर्वशक्तिमान समजणाऱ्या सत्ताधीशांचे असावे.

हा तर्क नुसता शब्दच्छल नव्हता, हे अथेन्सच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते. पोलेमार्कसचे कुटुंब 'मेटिक' होते, म्हणजे अथेन्समध्ये कायम राहून कर भरणारे व लष्करी सेवा करणारे, पण मताचा अधिकार नसलेले परदेशी रहिवासी होते. इ.स.पू. ४०४मध्ये स्पार्टाच्या पाठबळावर तीस जणांची राजवट सत्तेवर आली. तिने धनाच्या लोभाने या कुटुंबावर धाड घातली, ढालींचा कारखाना व ७०० ढाली जप्त केल्या, आणि पोलेमार्कसला आरोप काय हेही न सांगता, खटल्याशिवाय, विष प्यायला लावून ठार केले. ही हकीकत त्याचा भाऊ, वक्ता लिसियस, याच्या भाषणात नोंदलेली आहे. त्या राजवटीचा म्होरक्या क्रिटियस हा प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ होता, आणि तो स्वतः कवीही होता. मित्रांचे भले व शत्रूंचे वाईट हे सूत्र राज्यकारभाराचे तत्त्व बनले की काय होते, हे ज्याच्या मृत्यूने सिद्ध झाले त्याच्याच तोंडी प्लेटोने ते सूत्र घातले आहे. अशा लेखकाचे भांडण छंद, अलंकार किंवा कल्पनाशक्ती यांच्याशी होते असे म्हणणे म्हणजे ग्रंथाचा पहिला भाग न वाचल्याची कबुली देणे होय.

दुसऱ्या भागात हा मुद्दा अधिक धारदार होतो. प्लेटोचा भाऊ अ‍ॅडिमँटस तेथे जी तक्रार मांडतो ती एका नागरिकाची आहे. हेसियड आणि होमर न्यायाची स्तुती करतात, पण ती न्यायाच्या फळांची, म्हणजे मान, पीकपाणी आणि देवांची कृपा यांची असते. शिवाय तेच कवी सांगतात की यज्ञ व नैवेद्य यांनी देवांचे मन वळवता येते, आणि भटके पुरोहित श्रीमंतांच्या दारी जाऊन त्याच काव्याचा दाखला देत पापक्षालनाचा धंदा करतात. या सगळ्यातून हुशार तरुण एकच निष्कर्ष काढील, असे अ‍ॅडिमँटस म्हणतो : अन्याय करावा आणि मिळालेल्या लुटीतून देवांचा वाटा चुकता करावा. येथे आरोप काव्य खोटे बोलते इतकाच नाही. ज्या समाजात होमर मुलांना तोंडपाठ करवला जातो आणि त्याची वचने दैनंदिन व्यवहारात प्रमाण मानली जातात, तेथे काव्य हीच न्यायाची अनौपचारिक संहिता बनते, आणि त्या संहितेत पळवाटा ठेवलेल्या आहेत, हा तो आरोप आहे. तो प्रथम प्लेटोनेच केला असेही नाही. झेनोफेनीसने होमर व हेसियड यांनी देवांच्या माथी चोरी, व्यभिचार आणि फसवणूक मारल्याबद्दल आधीच फटकारले होते, तर हेराक्लायटसने होमरला स्पर्धांमधून हाकलून द्यावे असे म्हटले होते. काव्य व तत्त्वज्ञान यांचा कलह जुना आहे, असे प्लेटो लिहितो ते याच अर्थाने.

आता दुसरे गृहीतक. कार्ल पॉपर यांनी १९४५मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द ओपन सोसायटी अँड इट्स एनिमीज' या ग्रंथात प्लेटोला सर्वंकष सत्तावादाचा आद्य प्रवक्ता ठरवले, आणि त्यांच्या प्रभावामुळे कवींच्या हद्दपारीकडे मुक्त अथेन्सविरुद्धचा कट म्हणून पाहण्याची सवय पडली. महायुद्धाच्या काळात लिहिलेल्या त्या ग्रंथाची नैतिक तळमळ खरी आहे आणि प्लेटोच्या राज्यव्यवस्थेवरील त्याची टीका अनेक ठिकाणी अचूक आहे. पण मुक्त नगर विरुद्ध तत्त्वज्ञ ही मांडणी इतिहासाला धरून नाही. पर्शियाने मायलीटस हे शहर उद्ध्वस्त केल्यावर फ्रिनिकस या नाटककाराने त्या घटनेवर शोकात्मिका रचली, तेव्हा प्रेक्षक रडले, आणि अथेन्सने स्वकीयांच्या दुःखाची आठवण करून दिल्याबद्दल कवीला १००० द्राख्मा दंड करून त्या नाटकाच्या प्रयोगावर कायमची बंदी घातली, असे हिरॉडोटस सांगतो. इ.स.पू. ४२६मध्ये अ‍ॅरिस्टोफेनीसने परदेशी पाहुण्यांसमोर नगराची टर उडवली म्हणून क्लिऑन या लोकनेत्याने त्याच्यावर कारवाई करण्याचा प्रयत्न केला. काव्यावर राजकीय अंकुश असावा ही कल्पना प्लेटोच्या डोक्यातून निघालेली नाही. अथेन्सच्या लोकशाहीला ती परिचित होती आणि प्रसंगी तिने ती वापरलीही.

याचे कारण असे की अथेन्समध्ये रंगभूमी हा राज्यसंस्थेचाच भाग होता. डायोनिससच्या नगरोत्सवात शोकात्मिकांच्या स्पर्धेआधी दोस्तराष्ट्रांकडून आलेली खंडणी रंगमंचासमोर मांडली जाई, युद्धात मारल्या गेलेल्यांची मुले चिलखत घालून संचलन करत, आणि नगरासाठी झटलेल्यांच्या सन्मानाची घोषणा होई. नाट्यप्रयोगाचा खर्च श्रीमंत नागरिकावर सार्वजनिक कर्तव्य म्हणून लादलेला असे आणि विजेता ठरवणारे दहा परीक्षक नगराच्या दहा गणांमधून सोडतीने निवडले जात. अशाच सोडतीने न्यायालयातील ज्यूरीही निवडली जाई. म्हणजे शोकात्मिकेचा निकाल देणारे आणि माणसाच्या जीवन-मरणाचा निकाल देणारे हात एकाच पद्धतीने निवडलेले होते, आणि प्लेटोच्या आयुष्यातील सर्वांत मोठी जखम या दोन संस्थांच्या संगमातून झालेली होती. इ.स.पू. ४२३मध्ये 'क्लाउड्स' या विनोदिकेत अ‍ॅरिस्टोफेनीसने सॉक्रेटिसला हवेत टांगलेला लबाड पंडित म्हणून रंगवले; इ.स.पू. ३९९च्या खटल्यात, प्लेटोने लिहिलेल्या बचावभाषणात, सॉक्रेटिस म्हणतो की समोरच्या तीन फिर्यादींपेक्षा या जुन्या प्रतिमेने केलेली हानी अधिक घातक आहे, कारण तिला न्यायालयात उभे करून प्रश्न विचारता येत नाही. त्या तीन फिर्यादींपैकी मेलेटस कवींच्या वतीने चिडलेला होता, हेही तेथेच नमूद आहे. हा अनुभव ध्यानात घेतला तर काव्याविषयीचा प्लेटोचा संशय ही हुकूमशहाची लहर ठरत नाही; एका न्यायालयीन अन्यायाचे ते विश्लेषण ठरते.

प्लेटोच्या बचावासाठी पुढे आलेली एक सौम्य भूमिकाही येथे तपासली पाहिजे. एरिक हॅवलॉक यांनी 'प्रीफेस टू प्लेटो' या १९६३च्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की होमरचे काव्य हा मौखिक समाजाचा ज्ञानकोश होता, आणि प्लेटोचा हल्ला त्या पाठांतरप्रधान शिक्षणपद्धतीवर होता. आज ज्याला साहित्य म्हणतात त्याच्याशी त्याचा संबंध नाही. हे प्रतिपादन अर्धे खरे आहे. परंतु दहाव्या भागात प्लेटो ज्याला काव्याविरुद्धचा सर्वांत गंभीर आरोप म्हणतो तो शाळेतल्या मुलांविषयी नाही. प्रेक्षागृहात परक्याच्या दुःखावर अश्रू ढाळताना, आपले काही बिघडत नाही या समजुतीने, उत्तम माणूसदेखील स्वतःच्या मनातील विवेकाचा पहारा सैल करतो आणि पुढे स्वतःवर प्रसंग आला की त्याच सैल मनाने वागतो, असा तो आरोप आहे. 'लॉज' या उत्तरायुष्यातील संवादात तो हाच विचार राजकीय पातळीवर नेतो : संगीताच्या स्पर्धांत प्रत्येक जण स्वतःला परीक्षक समजू लागला, त्यातून प्रेक्षकांच्या गोंगाटाची सत्ता निर्माण झाली, आणि कायद्याविषयीचा बेफिकीरपणा तेथूनच सुरू झाला. हे म्हणणे चूक असू शकते, पण ते केवळ मौखिक संस्कृतीपुरते बंदिस्त करून निरुपद्रवी करता येत नाही. छापील कादंबरीला आणि चित्रपटालाही ते तितकेच लागू पडते.

मग प्लेटोचा खरा आरोप कोणता, तो एका वाक्यात सांगता येतो : काव्याला प्रचंड राजकीय शक्ती आहे आणि तिला उत्तरदायित्व नाही. अथेन्समध्ये प्रत्येक अधिकाऱ्याला पदाची मुदत संपल्यावर 'युथिना' नावाच्या जाहीर चौकशीला सामोरे जाऊन आपल्या कारभाराचा हिशेब द्यावा लागे. सेनापतीही त्यातून सुटत नसे. कवीने मात्र एका उत्सवात हजारो लोकांच्या मनातील देव, शूर आणि न्याय यांच्या कल्पना घडवाव्यात व कोणताही हिशेब न देता निघून जावे, अशी स्थिती होती. 'प्रोटॅगोरस' या संवादात सायमोनायडीसच्याच एका कवितेचा कीस पाडल्यानंतर सॉक्रेटिस कवींना बाजूला ठेवण्याची सूचना करतो, ती याच कारणासाठी : ते जे म्हणतात त्याविषयी त्यांना प्रश्न विचारता येत नाही, आणि त्यांच्या वचनांचे अर्थ ज्याला जसे हवेत तसे तो लावतो. पोलेमार्कसने केले ते हेच होते.

येथवर प्लेटोची बाजू भक्कम आहे. यापुढे ती ढासळते. पहिली चूक वस्तुस्थितीची आहे. कवी न तपासलेली सूत्रे पसरवतात असे तो धरून चालतो, पण अथेन्सच्या शोकात्मिकेने नेमके पोलेमार्कसचे सूत्र सॉक्रेटिसच्याही आधी तपासणीला घेतले होते. सोफोक्लीसच्या 'एजॅक्स'मध्ये नायक मित्र-शत्रूच्या नीतीवर जगतो आणि तिच्यापायी मरतो. त्याचा वैरी ओडिसियस मात्र त्याच्या दुर्दशेवर समाधान मानत नाही आणि शेवटी त्याच्या दफनासाठी वाद घालून ते घडवून आणतो. सलामिसच्या लढाईनंतर आठच वर्षांनी, इ.स.पू. ४७२मध्ये, एस्किलसने 'पर्शियन्स' या नाटकात पराभूत शत्रूचा शोक विजेत्यांसमोर मांडला, आणि त्या प्रयोगाचा खर्च तरुण पेरिक्लीसने उचलला. इ.स.पू. ४५८च्या 'युमेनिडीस'मध्ये तर सूडाची साखळी न्यायालयापर्यंत येऊन थांबते : मातृहत्येचा आरोपी आणि सूडदेवता अरिओपॅगस या न्यायासनासमोर उभे राहतात, मते समसमान पडतात, आणि पराभूत सूडदेवतांचे भले करूनच नगर पुढे जाते. त्याच न्यायासनाचे बहुतेक राजकीय अधिकार इफियाल्टीसच्या सुधारणांनी जेमतेम तीन-चार वर्षांपूर्वी काढून घेतले होते, हे लक्षात घेतले तर हे नाटक म्हणजे चालू राजकारणात घातलेला हातच होता असे म्हणावे लागते. शिवाय अथेन्सच्या कायद्याचा पाया घालणारा सोलन हा कवीच होता; कर्जाने गुलाम झालेल्यांना मुक्त करणाऱ्या आपल्या सुधारणांचे समर्थन त्याने काव्यातच केले, आणि प्लेटोचे मातृकुल त्याच सोलनच्या घराण्याशी नाते सांगत असे.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे, कारण ती प्लेटोच्या स्वतःच्या कसोटीवरच उघडी पडते. प्रश्न विचारता न येणारी गोष्ट नगराच्या मनावर राज्य करते, हे त्याचे दुखणे होते. त्यावरचा त्याचा उपाय असा की गोष्टी रचण्याचे व निवडण्याचे काम राज्यकर्त्यांनी हाती घ्यावे. आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी तो त्यांना एक उदात्त असत्य सांगण्याची मुभा देतो, ज्यानुसार देवाने काहींच्या घडणीत सोने, काहींच्या रुपे आणि बाकीच्यांच्या लोखंड व पितळ मिसळले आहे असे नागरिकांनी मानावे. ही कथा कोणी तपासायची नाही, उलट पिढ्यानपिढ्या तिच्यावर विश्वास बसावा अशीच अपेक्षा आहे. 'लॉज'मध्ये शोकात्मिकाकार नगरात प्रवेश मागतात तेव्हा कायदेकर्ते त्यांना सांगतात की आम्हीदेखील कवीच आहोत आणि आमची राज्यघटना हीच सर्वोत्तम शोकात्मिका आहे. म्हणजे बेजबाबदार कवी जाऊन त्याच्या जागी दंडशक्ती हाती असलेला बेजबाबदार कवी आला. ज्या रोगावर उपचार करायचा तोच रोग वैद्याला अधिक जोराने जडला, आणि सॉक्रेटिसने पोलेमार्कसला विचारले ते प्रश्न अशा नगरात विचारण्याची सोय कोणालाही उरली नाही.

प्लेटोला दिलेले खरे उत्तर विरेचनात शोधले जाते, हे तिसरे गृहीतक. शोकात्मिकेच्या संदर्भात 'काव्यशास्त्र' या ग्रंथात ती कल्पना व्याख्येत एकदाच येते आणि तिचे स्पष्टीकरण तेथे मिळत नाही. भावनांचा निचरा, शुद्धी की आकलन, यांवर विद्वानांचे एकमत आजही नाही. पण ते झाले असते तरी उत्तर अपुरेच राहिले असते, कारण प्रेक्षकाचे मन हलके होते हे सांगितल्याने न्यायाची कल्पना कोणी घडवायची या प्रश्नाला स्पर्शही होत नाही. काव्यातील योग्यायोग्यतेचा निकष राजकारणातील निकषाहून वेगळा आहे, हे अ‍ॅरिस्टॉटलचे त्याच ग्रंथातील विधान अधिक मोलाचे आहे. तरीही निर्णायक उत्तर त्याच्या 'पॉलिटिक्स' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात आहे, आणि साहित्यशास्त्राची पुस्तके तिकडे क्वचितच वळतात.

तेथे चर्चा सत्ता थोड्यांकडे असावी की अनेकांकडे याची चालली आहे. एकेकटे पाहता सामान्य असणारे अनेक जण एकत्र आले की थोड्या श्रेष्ठांपेक्षा चांगला निर्णय देऊ शकतात, असे म्हणताना अ‍ॅरिस्टॉटल संगीत व काव्याच्या परीक्षणाचा दाखला देतो : एकाला एक अंग दिसते, दुसऱ्याला दुसरे, आणि सर्वांना मिळून सगळे दिसते. प्लेटोने ज्या प्रेक्षकवर्गाला नगराच्या अधःपाताचे मूळ मानले, तोच येथे राजकीय निर्णयक्षमतेचा पुरावा बनतो. पुढे तर तो गुरूचेच शस्त्र गुरूवर उलटवतो. 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात प्लेटोने म्हटले होते की वस्तूचे खरे ज्ञान ती वापरणाऱ्याला असते. बासरी कशी असावी हे बासरी वाजवणारा सांगतो, करणारा त्याप्रमाणे करतो आणि चित्रकाराला त्यातले काही कळत नाही. अ‍ॅरिस्टॉटल विचारतो की तसे असेल तर घराची पारख बांधणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याला आणि मेजवानीची पारख आचाऱ्यापेक्षा पाहुण्याला अधिक असणार. मग कायद्याखाली राहणारा नागरिक हाच कायद्याचा वापरकर्ता ठरतो, आणि न्यायाची पारख करण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून तज्ज्ञांना देण्याचे कारण उरत नाही.

या उत्तरालाही मर्यादा आहेत आणि त्या झाकून ठेवू नयेत. हा युक्तिवाद कोणत्याही जनसमूहाला सरसकट लागू पडेल असे अ‍ॅरिस्टॉटल मानत नाही, लहान मुलांना विनोदिकांपासून दूर ठेवावे असे तो स्वतःच सुचवतो, आणि त्याच्या अनेकांमध्ये स्त्रिया, गुलाम व मेटिक यांना जागा नाही. ज्याच्या व्याख्येवर न्यायाची चर्चा झाली तो पोलेमार्कस अ‍ॅरिस्टॉटलच्या सभेत मत देऊ शकला नसता. तरीही तर्काची दिशा योग्य आहे, कारण ती उत्तरदायित्वाचा प्रश्न मिटवत नाही, योग्य हातांत देते. कवीला जाब विचारायचा तो अनेकांनी, पुन्हा पुन्हा, वाचून, पाहून आणि वाद घालून. आणि तसाच जाब राज्यकर्त्यालाही विचारायचा.

दहाव्या भागात हद्दपारीचा निर्णय सुनावल्यावर प्लेटो एक दार उघडे ठेवतो, हे ती रूढ कथा सांगणारे विसरतात : ज्यांना काव्य प्रिय आहे, पण जे स्वतः कवी नाहीत, त्यांनी गद्यात त्याचे वकीलपत्र घ्यावे आणि ते केवळ आनंददायक नसून नगराला व मानवी जीवनाला हितकारकही आहे हे सिद्ध करावे, आपण ते सद्भावाने ऐकू, असे तो म्हणतो. हे आव्हान स्वीकारण्याऐवजी काव्याचे आधुनिक पाठीराखे बहुधा ते सौंदर्याच्या स्वतंत्र प्रांतात राहते आणि न्याय-अन्यायाशी त्याला देणेघेणे नाही, असे सांगून सुटका करून घेतात. असा बचाव काव्याला वाचवत नाही. तो त्याला क्षुल्लक ठरवतो, आणि प्लेटोने काव्याला क्षुल्लक कधीच मानले नव्हते. काव्याची बाजू ज्याला लढवायची आहे त्याने आधी काव्याची राजकीय शक्ती आणि त्यासोबत येणारी जबाबदारी मान्य केली पाहिजे, आणि मग त्या शक्तीची तपासणी सत्ताधाऱ्याच्या दालनात न होता नागरिकांच्या खुल्या चर्चेत व्हावी, यासाठी झगडले पाहिजे. एवढे मान्य न करता घेतलेले वकीलपत्र प्लेटोच्या न्यायालयात टिकणारे नाही.